आधी कोणतं अक्षर पाहायचं?

१९६९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या आवारात जिम मॉरिस हे सीडीसी ६४०० या संगणकासाठी टेक्स्ट एडिटर लिहीत होते. एखादा शब्द मजकुरात कुठे आहे ते शोधून देणं हे एडिटरचं रोजचं काम. मॉरिस यांची अडचण होती ती मागे वळण्याची. मजकूर बफरमध्ये तुकड्यातुकड्यांनी येई. चार अक्षरं जुळली आणि पाचव्याला घोडं अडलं, की तीन अक्षरं मागे येऊन जुळणी नव्याने सुरू करायची. आणि नेमका तोवर मागचा तुकडा बफरमधून निघून गेलेला असे. हा खटाटोप टाळण्यासाठी त्यांनी अशी रीत बसवली, की मजकुरात मागे यावंच लागू नये. जी चार अक्षरं जुळली ती कोणती हे आपल्याला माहीत असतंच. मग शब्द पुढे किती सरकवायचा हे त्या शब्दाच्याच रचनेवरून आधी ठरवून तक्त्यात मांडून ठेवता येतं.

रीत बिनचूक होती. पण ती इतरांच्या पचनी पडली नाही. काही महिन्यांनी मॉरिस यांनी पाहिलं, तर त्या प्रणालीवर काम करणाऱ्यांनी न समजून केलेल्या 'दुरुस्त्यां'नी तिचा पार विचका झालेला होता. पुढे मॉरिस सहलेखक असलेल्या शोधनिबंधातच ही गोष्ट नोंदली गेली.

मी पुण्यात मायक्रोप्रोसेसर आणि असेंब्ली शिकवत असे. मॉरिस यांची ही हकिकत दर वर्षी वर्गात सांगे. शब्द शोधणं हे काम इतकं सोपं दिसतं, की त्याला काही इतिहास असेल असं मुलांना वाटतच नाही. पण असेंब्लीत शब्दशोध लिहिणाऱ्या पिढ्यांनी खरं तर एकाच प्रश्नाशी झुंज घेतली आहे: मजकुरातलं कोणतं अक्षर आधी पाहायचं? माझं ठाम मत आहे की शोधाचा वेग यंत्रापेक्षा या उत्तरावर जास्त अवलंबून असतो. आणि उत्तर भाषेप्रमाणे बदलतं. मराठीपुरतं ते मराठी जाणणाऱ्यानेच काढायला हवं.

सगळ्यात सरळ रीत अशी: शब्द मजकुराच्या पहिल्या अक्षराखाली ठेवा आणि पहिलं अक्षर पहिल्याशी, दुसरं दुसऱ्याशी असं जुळवत जा. कुठे बिनसलं की शब्द एक घर पुढे सरकवा आणि पुन्हा पहिल्यापासून जुळवा. 'आज मदन सरबत बनव' या वाक्यात 'सरबत' शोधायचं आहे असं समजू. सगळी बिनमात्रेची अक्षरं आहेत, म्हणून 'आ'पासून घरं मोजणं सोपं. मोकळी जागा हेही एक घर. 'स' सापडेपर्यंत सात घरं एकेक करून तपासायची, मग शब्दाची चार. एकूण अकरा तपासण्या. मजकूर एका ओळीचा असेल तर काहीच बिघडत नाही. पुस्तकभर असेल तर यंत्राचा जीव त्यातच जातो.

मॉरिस एडिटर लिहीत होते त्याच सुमारास न्यू जर्सीत, मरे हिलच्या बेल लॅब्जमध्ये, केन थॉम्पसन वेगळ्या वाटेने निघाले होते. जून १९६८मध्ये 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम'मध्ये त्यांचा निबंध आला. त्यातली कल्पना अशी: वापरणाऱ्याने दिलेला नमुना घ्यायचा आणि त्यापासून आयबीएम ७०९४ या यंत्राचा चालू शकणारा मशीन कोडच तयार करायचा. म्हणजे प्रत्येक शोधासाठी एक नवा छोटा प्रोग्रॅम जागच्या जागी जन्माला येई. नमुना अनेक प्रकारे जुळण्यासारखा असला, तर त्या सगळ्या शक्यता सोबतच पुढे नेल्या जात. मागे वळणं नाही. मागे न वळण्याचा निश्चय इथेही होता, फक्त तो तक्त्याऐवजी कोडमधून पाळला होता.

याच शोधाचा पुढचा अवतार म्हणजे ग्रेप. थॉम्पसन यांचे सहकारी ली मॅकमॅहन यांना 'फेडरलिस्ट पेपर्स' या १७८७-८८च्या पंच्याऐंशी राजकीय लेखांपैकी कोणता लेख कुणाचा, याचा छडा मजकुरावरून लावायचा होता. मजकूर 'ईडी' या एडिटरच्या मेमरीत मावेना. थॉम्पसन यांनी एडिटरमधला शोधण्याचा भाग वेगळा काढला आणि त्याचा स्वतंत्र प्रोग्रॅम केला, पीडीपी-११च्या असेंब्लीत. १९७३च्या युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीत ग्रेप आहे. आज जगभर सर्व्हरच्या लॉगमध्ये काहीतरी धुंडाळणारा प्रत्येक माणूस त्याच्या वंशजांपैकी कुणाला तरी कामाला लावत असतो.

मॉरिस यांच्या रीतीला भक्कम पाया मिळाला तो अगदी अनपेक्षित जागेवरून. स्टीफन कुक यांचं ऑटोमेटा सिद्धान्तातलं एक प्रमेय होतं. प्रत्यक्ष प्रोग्रॅमिंगशी त्याचा काही संबंध असेल असं वाटू नये इतकं ते अमूर्त. स्टॅनफर्डच्या डोनाल्ड कनुथ यांनी त्या प्रमेयाच्या पायऱ्या धरून शब्दशोधाची एक जलद रीत काढली. व्हॉन प्रॅट यांनी ती सुधारली आणि मॉरिसना दाखवली. तेव्हा उलगडलं, की मॉरिस कुकचं प्रमेय न वाचताच तिथे पोचले होते. तिघांचा एकत्रित निबंध १९७७ साली 'सायम जर्नल ऑन कॉम्प्युटिंग'मध्ये आला, आणि कनुथ-मॉरिस-प्रॅट हे जोडनाव अभ्यासक्रमात कायमचं बसलं. मजकुराचं प्रत्येक अक्षर फक्त एकदाच वाचायचं, हे त्या रीतीचं आश्वासन.

त्याच १९७७ सालच्या ऑक्टोबरमध्ये आणखी एक निबंध आला आणि त्याने या आश्वासनाच्याही पुढे उडी मारली. प्रत्येक अक्षर एकदा तरी का वाचायचं? हा प्रश्न रॉबर्ट बॉयर आणि जे स्ट्रोदर मूर यांचा. बॉयर स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये होते, मूर झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात. संगणकाकडून गणिती प्रमेयं सिद्ध करून घेणं हे दोघांचं आयुष्यभराचं काम. शब्दशोध ही त्यातल्या त्यात छोटी कामगिरी, पण तिने त्यांचं नाव घरोघरच्या संगणकात पोचवलं. बिल गॉस्पर यांनाही साधारण त्याच सुमारास स्वतंत्रपणे तीच गोष्ट सुचली होती.

युक्ती एका वाक्यात सांगता येते: शब्द डावीकडून ठेवा, पण जुळवायला शेवटच्या अक्षरापासून सुरुवात करा. आपलं 'सरबत' पुन्हा घेऊ. चार अक्षरी शब्द, म्हणून पहिल्यांदा चौथ्या घरात बघायचं. तिथे 'म' आहे. 'सरबत'मध्ये 'म' नाहीच. मग पहिल्या चार घरांपैकी कुठेही शब्द सुरू होणं शक्य नाही, आणि पहिली तीन घरं न बघताच शब्द चार घरं पुढे सरकवता येतो. आता आठवं घर. तिथे 'स' आहे. 'स' आपल्या शब्दात आहे, पण पहिल्या जागी. म्हणून तो 'स' त्या 'स'खाली येईल इतकं, म्हणजे तीन घरं सरकायचं. आता अकरावं घर: 'त'. जुळलं. मागे येत 'ब', 'र', 'स'. सापडलं. सहा तपासण्यांत काम झालं, आणि मजकुरातली सहा घरं कुणी पाहिलीच नाहीत.

शब्द जितका लांब, तितकी उडी मोठी. इथे नेहमीचा समज उलटा होतो: लांब शब्द शोधणं छोटा शब्द शोधण्यापेक्षा स्वस्त पडतं. निबंधात त्यांनी दाखवलं, की पाच अक्षरी इंग्रजी शब्दासाठी मजकुरातल्या साधारण चौथ्या हिश्श्याचीच अक्षरं पाहावी लागतात.

मला या निबंधात सगळ्यात जास्त भावतो तो त्यातला मशीनजवळचा भाग. त्यांनी हे पीडीपी-१०वर उतरवलं. त्या यंत्राचा शब्द ३६ बिटांचा आणि त्यात सात-सात बिटांची पाच अक्षरं कोंबलेली. त्यातलं नेमकं अक्षर बाहेर काढायला बाइट पॉइंटरची खास सोय. लूपमध्ये दर फेरीला दोन प्रश्न येणार: मजकूर संपला का, आणि शेवटचं अक्षर जुळलं का. बॉयर-मूर यांनी दोन्ही प्रश्न एकात विरघळवले. कोणत्या अक्षराला किती सरकायचं याच्या तक्त्यात, शब्दाच्या शेवटच्या अक्षरासमोर त्यांनी मजकुराच्या लांबीपेक्षा कितीतरी मोठा आकडा लिहून ठेवला. म्हणजे ते अक्षर भेटलं की पॉइंटर आपोआप मजकुराच्या पार पलीकडे फेकला जातो आणि लूप थांबतो. थांबल्यावर एकदाच पाहायचं: खरंच मजकूर संपला, की तो मोठा आकडा मिळाला? मोठा आकडा असेल तर तो वजा करून जुळणीला लागायचं. आतल्या लूपमध्ये उरलं काय, तर अक्षर उचला, तक्त्यातला आकडा मिळवा, मर्यादा तपासा. सरासरीने पाहिलं तर मजकुराच्या दर अक्षरामागे मशीनचं एक इन्स्ट्रक्शनसुद्धा खर्च होत नाही. असेंब्ली लिहिणाऱ्या माणसाला हे वाचून आनंद होतो, कारण इथे गणित आणि यंत्राची जाण एकमेकांत मिसळली आहे.

दरम्यान चिप बनवणाऱ्यांनी आपली वाट धरली होती. त्यांचं म्हणणं: शोध हे इतकं नेहमीचं काम आहे, तर त्याचं इन्स्ट्रक्शन आम्हीच देतो. १९७६च्या झेड-८०मध्ये 'सीपीआयआर' होतं: 'ए' रजिस्टरमधला बाइट 'एचएल'पासून पुढे शोधत जा, 'बीसी' शून्य होईपर्यंत. १९७८मध्ये इंटेलचा ८०८६ आला, त्यात 'स्कॅस' आणि 'सीएमपीएस' ही स्ट्रिंगची इन्स्ट्रक्शन्स आणि त्यांना जोडायचा 'रेप' हा उपसर्ग.

महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत संगणक शिकणाऱ्यांच्या दोन-तीन पिढ्या या ८०८६वर घडल्या. डग्लस हॉलचं पुस्तक, मॅझम नाहीतर टॅझम, काळ्या पडद्यावरचा डीबग, जर्नलमधले फ्लोचार्ट आणि शेवटी एक्स्टर्नलसमोर ओरल. स्ट्रिंगमध्ये सबस्ट्रिंग शोधा, हे त्यातलं हमखास असाइनमेंट. त्याचा गाभा असा.

'एएल'मध्ये शब्दाचं पहिलं अक्षर. 'ईएस' आणि 'डीआय' मिळून मजकुराचा पत्ता. 'सीएक्स'मध्ये मजकुराची लांबी वजा शब्दाची लांबी अधिक एक, म्हणजे जुळवताना मजकुराच्या पलीकडे पाऊल पडणार नाही. 'सीएलडी' देऊन डायरेक्शन फ्लॅग साफ करायचा. नाहीतर आधीच्या कुठल्या तरी प्रोसीजरने तो उलटा करून ठेवलेला असला, तर शोध मागच्या मागे धावत सुटेल. मग एकच ओळ: 'रेप-एनई स्कॅस-बी'. प्रोसेसर स्वतःच एकेक बाइट बघत जातो आणि अक्षर सापडलं किंवा 'सीएक्स' संपला की थांबतो.

थांबला की इथे खरी परीक्षा सुरू होते. 'डीआय' सापडलेल्या अक्षरावर नसतो, त्याच्या पुढच्या घरात असतो. आणि 'सीएक्स' शून्य झाला म्हणून अक्षर सापडलं नाही असं म्हणता येत नाही, कारण अगदी शेवटच्या घरात सापडलं तरी तो शून्यच होतो. निकाल झीरो फ्लॅगवरूनच लावायचा. अक्षर सापडलं असेल तर 'सीएक्स' आणि 'डीआय' स्टॅकवर ठेवायचे, 'एसआय' शब्दाच्या दुसऱ्या अक्षरावर न्यायचा, 'सीएक्स'मध्ये शब्दाची लांबी वजा एक भरायची आणि 'रेप-ई सीएमपीएस-बी' द्यायचं. 'डीआय' एक घर पुढे गेलेला असतो तो इथे बरोबर कामी येतो.

शब्द एकाक्षरी असेल तर? मग 'सीएक्स' शून्य, 'सीएमपीएस' एकदाही चालत नाही, आणि झीरो फ्लॅग आधीच्या 'स्कॅस'ने ठेवला तसाच राहतो, कारण 'पुश' आणि 'मूव्ह' फ्लॅगला हात लावत नाहीत. उत्तर बरोबरच येतं. ओरलमध्ये हे आपणहून सांगणारी मुलगी किंवा मुलगा पुढे चांगला प्रोग्रॅमर होणार, हे मी डोळे झाकून सांगत असे.

८०८६च्या मॅन्युअलप्रमाणे 'रेप'सकट 'स्कॅस'ला दर बाइटमागे पंधरा क्लॉक लागतात. आयबीएम पीसीतला ८०८८, म्हणजे ८०८६चाच भाऊबंद, ४.७७ मेगाहर्ट्झवर चाले. हिशोब केला तर सेकंदाला तीन लाखांहून थोडे जास्त बाइट, म्हणजे ६४० केबीची अख्खी मेमरी धुंडाळायला सुमारे दोन सेकंद. त्या काळाच्या मानाने हा वेग चांगलाच होता, आणि हाताने लिहिलेल्या लूपला तो गाठता येत नसे.

मग जिंकलं कोण, यंत्रातलं खास इन्स्ट्रक्शन की शेवटच्या अक्षराची युक्ती? हा सामना १९८० साली नायजेल हॉर्स्पूल यांनी लावला. बॉयर-मूरच्या मूळ रीतीत दोन तक्ते होते. हॉर्स्पूल यांनी एकच ठेवला आणि रीत इतकी सोपी केली, की दुसऱ्या वर्षाच्या मुलाने एका प्रॅक्टिकलमध्ये लिहावी. मग हार्डवेअरमधल्या शोधाच्या इन्स्ट्रक्शनशी तिची तुलना केली. निष्कर्ष स्पष्ट होता: शब्द अगदी छोटा नसेल, तर ही रीत यंत्रातल्या खास इन्स्ट्रक्शनलाही मागे टाकते. छोट्या शब्दांना मात्र इन्स्ट्रक्शन बरं, तेही नीट वापरलं तर.

'नीट वापरलं तर' यातच सगळं आलं. शब्दाचं पहिलंच अक्षर घेऊन 'स्कॅस' चालवायचं असं कुठे आहे? शब्दातलं जे अक्षर त्या भाषेत सगळ्यात क्वचित येतं ते घ्या. इंग्रजीत 'ई' शोधायला गेलात तर यंत्र पावलोपावली थांबेल. 'क्यू' किंवा 'झेड' घ्याल तर ते लांबवर निर्धास्त धावेल. इन्स्ट्रक्शन तेच, चिप तीच. फरक पडतो तो भाषेतल्या अक्षरांचा वापर ठाऊक असण्याने. मला वाटतं, या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा धडा हा आहे.

पुढची कथा वेगाने सांगून टाकते. 'रेप'वाल्या इन्स्ट्रक्शन्सपैकी मजकूर हलवणाऱ्या आणि भरणाऱ्या दोन्हींना इंटेलने नंतर भरपूर वेग दिला. 'स्कॅस' मात्र मागे पडलं आणि साधे लूप त्याच्या पुढे गेले. २००८मध्ये आलेल्या नेहेलेम पिढीत सोळा बाइट एकदम तुलना करणारी मजकुराची खास इन्स्ट्रक्शन्स आली, २०१३च्या हॅसवेलमध्ये बत्तीस बाइट एकदम तुलना करण्याची सोय. ग्नू ग्रेपचे मूळ लेखक माइक हर्टल यांनी त्याच्या वेगाचं कारण सांगितलं तेही हेच: बॉयर-मूर वापरल्याने ते मजकुराचा प्रत्येक बाइट पाहतच नाही, आणि जो पाहतं त्यावर मोजकीच इन्स्ट्रक्शन्स खर्च करतं. चिपा बदलल्या, प्रश्न बदलला नाही.

आता मराठीकडे येते, कारण माझा जीव तिथे अडकला आहे. १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं भारतीय लिप्यांसाठीचं जिस्ट तंत्रज्ञान तिथे वाढलं, आणि जिस्ट कार्ड बसवलेल्या पीसींवर सरकारी कचेऱ्यांत मराठी टाइप होऊ लागलं. १९९१मध्ये अक्षरांना बाइट नेमून देणारं इस्की हे भारतीय मानक म्हणून जाहीर झालं: आयएस १३१९४. त्यात खालची १२८ घरं नेहमीच्या इंग्रजीची, वरची भारतीय लिप्यांची. प्रत्येक व्यंजनाला एक बाइट, प्रत्येक मात्रेला एक, हलन्ताला एक. शब्दशोधाच्या दृष्टीने ही उत्तम व्यवस्था होती. 'स्कॅस-बी' जसंच्या तसं चाले. छपाईच्या फॉन्टांनी मात्र अक्षराऐवजी आकाराचे तुकडे साठवले, काना वेगळा, अर्धा 'क' वेगळा आणि ज्याचा त्याचा क्रम निराळा. त्या मजकुरात शोधणं म्हणजे डोकेफोड होती.

मग युनिकोड आलं, आणि १९९२च्या सप्टेंबरमध्ये त्याची चिन्हं बाइटांत लिहिण्यासाठीचं यूटीएफ-८. ते कुणी बसवलं? ग्रेप लिहिणाऱ्या केन थॉम्पसन यांनीच, रॉब पाइक यांच्यासोबत, न्यू जर्सीतल्या एका डायनरमध्ये टेबलावरच्या कागदी मॅटवर. शोध ज्याच्या हाडीमासी मुरला आहे अशा माणसाने केलेली ही रचना आहे हे पदोपदी जाणवतं. अक्षराचा पहिला बाइट आणि पुढचे बाइट यांच्या आकड्यांच्या हद्दी वेगळ्या ठेवल्या आहेत. एका अक्षराचे बाइट दुसऱ्याच्या पोटात कधीच सापडत नाहीत. जपानी मजकुरासाठी रूढ असलेल्या शिफ्ट-जिस पद्धतीत एका चिन्हाचा दुसरा बाइट उलट्या तिरक्या रेघेसारखा दिसू शकतो आणि शोध फसतो. यूटीएफ-८मध्ये हे घडत नाही. पीडीपी-११वर लिहिलेला बाइटचा शोध मराठीवरही चालेल, अशी सोय त्यात आहे.

चालेल, पण कसा चालेल हे बघा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइटचं. पहिला बाइट सगळ्यांचा एकच: हेक्समध्ये ई०. दुसरा फक्त दोनांपैकी एक: ए४ किंवा ए५. साऱ्या मूळ व्यंजनांना ए४, हलन्त, उकार आणि 'ई', 'ए', 'ओ'च्या मात्रांना ए५. अक्षराची खरी ओळख तिसऱ्या बाइटमध्ये. आता असाइनमेंटप्रमाणे शब्दाचा पहिला बाइट घेऊन 'स्कॅस-बी' चालवा. तो ई० शोधणार, आणि मराठी मजकुरात ई० दर चिन्हाला आहे. यंत्र प्रत्येक अक्षरावर थांबून जुळणीला बसणार. इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला, इंग्रजीवर अगदी वाजवी असलेला कोड मराठीवर रांगायला लागतो, आणि कोडमध्ये चूक शोधू गेलं तर एकही सापडत नाही.

'पंढरपूर' हा शब्द घेऊ: सात चिन्हं, एकवीस बाइट. यातलं क्वचित येणारं अक्षर कोणतं हे मराठी माणसाला कुठल्याही तक्त्याशिवाय सांगता येईल: 'ढ'. त्याचा तिसरा बाइट ए२. मराठी मजकुरात ए२ दिसला तर तो 'ढ'च, असं धरून चालता येतं. म्हणून शोध ए२चा करा आणि सापडला की आठ बाइट मागून जुळवा. याच शब्दात अनुस्वार आणि दीर्घ उकार यांचा तिसरा बाइट एकच आहे, ८२. फरक फक्त मधल्या बाइटचा. तो बाइट धरून शोधणाऱ्याला जागोजागी चकवा बसेल.

बॉयर-मूरची रीत इथे आपसूक जमते, कारण ती शेवटच्या बाइटपासून सुरू होते आणि आपली ओळख शेवटीच असते. तक्ता मांडून पाहिला की कळतं: ई० भेटला तर दोन बाइट सरका, ए४ भेटला तर एक, म्हणजे पाऊल चुकीच्या बाइटवर पडलं असेल तर तक्ताच ते सरळ करतो. आणि 'क'चा तिसरा बाइट ९५ भेटला, तर तो शब्दात कुठेच नसल्याने थेट एकवीस बाइटची उडी.

इथपर्यंत यंत्राची गोष्ट झाली. यापुढे फक्त मराठीच कामी येते. 'कर' शोधलं तर 'कर्म' सापडतं, कारण बाइटच्या रांगेत 'क' आणि 'र' लागोपाठ आहेत आणि हलन्त नंतर येतो. वाचणाऱ्याला तिथे रफार दिसतो, 'कर' दिसत नाही. म्हणून जुळणी झाल्यावर पुढचे तीन बाइट पाहायचे: ई०, ए५, ८डी असतील तर तो हलन्त, जुळणी सोडून द्यायची.

माझं माहेर कऱ्हाडचं. 'कऱ्हाड'मधला 'ऱ्ह' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिलेला आढळतो: 'ऱ' या वेगळ्या चिन्हाला हलन्त जोडून, किंवा साध्या 'र'ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक लावून. पडद्यावर दोन्ही सारखे. बाइट निराळे. एका पद्धतीने टाइप केलेलं गाव दुसऱ्या पद्धतीने शोधलं तर यंत्र छातीठोकपणे सांगतं, असा शब्द नाही. वऱ्हाड, सह्याद्रीच्या दऱ्या, 'तऱ्हा', 'बऱ्याच' या सगळ्यांची हीच गत. सातबारा, मतदार यादी, वर्तमानपत्रांचे जुने अंक आता संगणकावर येत आहेत. त्यांत एखादं नाव न सापडण्याचा परिणाम ज्याचं नाव त्याला भोगावा लागतो.

म्हणून मराठी शोधाचा क्रम मी असा लावते: आधी सगळा मजकूर आणि शोधायचा शब्द एकाच लेखनरूपात आणा, मग शब्दातला सर्वांत क्वचित येणारा बाइट धरून किंवा शेवटच्या बाइटपासून धावा, आणि सापडल्यावर पुढे हलन्त नाही याची खात्री करा. पहिली आणि तिसरी पायरी कुठल्याही प्रोसेसरच्या मॅन्युअलमध्ये मिळणार नाही, आणि दुसरीतला 'क्वचित' कोणता हेही तिथे लिहिलेलं नसतं. मराठी अक्षरांच्या वापराचे तक्ते आणि एकसारख्या दिसणाऱ्या रूपांची पूर्ण यादी खुली उपलब्ध असली पाहिजे, आणि मराठीच्या प्रत्येक शोधयंत्रणेने ती वापरली पाहिजे. रजिस्टर आणि रफार दोन्ही कळणारी माणसं आपल्याकडे आहेत. मी त्यांतल्या कित्येकांना शिकवलं आहे. हे काम दुसरं कुणी आपल्यासाठी करणार नाही, आणि ते करायला आपल्याला काही कमीही नाही.